लिनक्सवर टॉरंटसाठी पोर्ट उघडताना: आधी आयपी तपासा, मग राउटरला हात लावा

पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्यांना राउटरमधून तुमच्या संगणकापर्यंत वाट करून देणं, केलं नाही तरी टॉरंट (लोकांनी एकमेकांच्या संगणकांवरून फाइल घ्यायची-द्यायची पद्धत) चालतं. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण बरेच नवखे लोक डाउनलोड हळू होतंय म्हणून थेट राउटरच्या सेटिंगमध्ये घुसतात आणि संध्याकाळ वाया घालवतात. भरपूर सीडर (अख्खी फाइल जवळ असलेले आणि ती इतरांना देणारे लोक) असलेली फाइल पोर्ट (संगणकाचं जोडणीसाठीचं, क्रमांक असलेलं दार) बंद असतानाही पूर्ण वेगाने उतरते. फरक पडतो तो दोन ठिकाणी: ज्या फाइलला मोजकेच लोक सीड करत आहेत तिथे, आणि तुम्ही स्वतः सीड करता तेव्हा.

कारण साधं आहे. टॉरंटमध्ये दोन संगणक एकमेकांशी बोलतात तेव्हा कुणीतरी पहिला फोन लावावा लागतो. तुमचं पोर्ट बंद असेल तर तुम्ही फोन लावू शकता, पण तुम्हाला कुणी लावू शकत नाही. समोरच्याचंही पोर्ट बंद असेल तर दोघंही गप्प बसून राहता. लिबटॉरंट या लायब्ररीवर चालणाऱ्या क्लायंटमध्ये (क्लायंट म्हणजे टॉरंट चालवणारा प्रोग्राम) ही कोंडी फोडायची एक युक्ती असते, पण ती तिसऱ्या संगणकाच्या मध्यस्थीवर अवलंबून असते आणि दर वेळी जमतेच असं नाही. जुन्या, विस्मृतीत गेलेल्या टॉरंटला दोनच सीडर असतात, दोघांचीही पोर्टं बंद आणि तुमचंही बंद, असं झालं की फाइल शून्य टक्क्यांवर अडकून पडते.

टॉरंट म्हणजे चोरीचाच माल, हा समज अजून गेलेला नाही. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये हा प्रोटोकॉल लिहिला तो मोठ्या फाइली वाटण्यासाठी, आणि आजही उबंटू, डेबियन या लिनक्सच्या आयएसओ (स्थापनेच्या) फाइली अधिकृतपणे टॉरंटने मिळतात. इंटरनेट आर्काइव्हने २०१२ पासून आपल्या संग्रहाची टॉरंटं द्यायला सुरुवात केली. तिथे स्कॅन केलेली जुनी मराठी पुस्तकंही आहेत, आणि त्यांना तर सीडरची गरज आहेच. मात्र टॉरंटमध्ये डाउनलोड करणारा त्याच वेळी अपलोडही करत असतो. दुसऱ्याचा कॉपीराइट असलेला सिनेमा असा वाटला तर कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. पोर्ट उघडलं म्हणून हे बदलत नाही.

या लेखातल्या सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी अंकांत टाइप करायच्या.

पहिली पायरी: तुमच्याकडे पब्लिक आयपी आहे का?

बहुतेक मार्गदर्शक लेखांत ही पायरी शेवटी, "तरीही चालत नसेल तर" या सदरात येते. भारतातल्या वाचकाने ती सगळ्यात आधी करावी, असं माझं ठाम मत आहे.

इंटरनेटवरचा पत्ता म्हणजे आयपी, आणि बाहेरच्या जगाला थेट पोचता येतो तो पब्लिक आयपी. जुन्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही४ चे पत्ते एकूण सव्वाचारशे कोटींच्या आसपास. जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. आपल्याकडे घरोघरी ब्रॉडबँड पोचला तो प्रामुख्याने त्यानंतर. मग कंपन्यांनी काय केलं? एकाच पब्लिक पत्त्यामागे अनेक ग्राहक बसवले. याला सीजीनॅट म्हणतात. तुमचा राउटर जसा घरातल्या मोबाइल-टीव्हीला एका पत्त्यामागे लपवतो, तसाच कंपनीचा एक मोठा राउटर अख्ख्या परिसराला लपवतो. आता तुमच्या राउटरमध्ये तुम्ही कितीही नियम लिहा, बाहेरून येणारं पॅकेट कंपनीच्या दारातच थांबतं. तुमच्यापर्यंत ते पोचतच नाही.

तपासायला पाच मिनिटं लागतात. टर्मिनल उघडा आणि लिहा:

आयपी राउट

पहिल्याच ओळीत "डिफॉल्ट व्हाया" च्या पुढे एक पत्ता दिसेल, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हा तुमचा राउटर. ब्राउजरमध्ये हा पत्ता टाकला की लॉगिनचं पान येतं. युजरनेम आणि पासवर्ड बहुतेक वेळा राउटरच्या बुडाला स्टिकरवर छापलेला असतो. तो चालत नसेल तर लाइन टाकायला आलेल्या माणसाने बदललेला असतो, मग केबलवाल्याला फोन करण्यावाचून गत्यंतर नाही. आत शिरलात की "स्टेटस" किंवा "वॅन" (राउटरची बाहेरची, कंपनीकडची बाजू) नावाचं पान शोधा आणि तिथला आयपी लिहून घ्या.

आता पुन्हा टर्मिनलमध्ये:

कर्ल -४ आयएफकॉन्फिग.मी

मधला ४ विसरू नका, नाहीतर नव्या पद्धतीचा, आयपीव्ही६ चा लांबलचक पत्ता येईल आणि तुलना करता येणार नाही. जगाला तुम्ही ज्या पत्त्यावर दिसता तो पत्ता ही आज्ञा सांगते.

दोन्ही पत्ते सारखे असतील तर तुम्ही नशीबवान. पुढे वाचा. व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्फत नेणारी सेवा) चालू असेल तर ही तपासणी करताना मात्र तो बंद ठेवा.

पत्ते वेगळे असतील तर राउटरच्या पानावरचा पत्ता नीट बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर सीजीनॅट नक्की. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. तो १० ने सुरू होत असेल तरी बहुधा तीच गत. १९२.१६८ ने सुरू होत असेल तर मामला वेगळा असू शकतो: कंपनीने दिलेल्या फायबरच्या डब्यामागे तुम्ही स्वतःचा वायफाय राउटर लावलाय आणि घरातच दोन राउटर एकामागे एक झालेत. आपल्याकडे हे सर्रास होतं. मग कंपनीच्या डब्याच्या पानावर जाऊन त्याचा वॅन पत्ता बघायचा आणि तुलना त्याच्याशी करायची.

सीजीनॅट निघालं तर मधल्या पायऱ्या सोडून सरळ "सीजीनॅट असेल तर" या भागाकडे जा.

संगणकाचा घरातला पत्ता पक्का करणं

राउटरला सांगायचंय की अमुक पोर्टवर आलेलं पॅकेट अमुक संगणकाकडे पाठव. सोसायटीच्या वॉचमनला फ्लॅट नंबर देऊन ठेवावा तसंच. पण राउटर घरातल्या यंत्रांना पत्ते वाटतो ते उसने, आणि रीस्टार्टनंतर आजचा १९२.१६८.१.५ उद्या मुलीच्या मोबाइलकडे जाऊ शकतो. म्हणून पत्ता कायमचा करून घ्या.

हे संगणकावर करण्यापेक्षा राउटरवर केलेलं बरं. राउटरमध्ये "डीएचसीपी" (पत्ते वाटण्याची सोय) च्या पानावर "अॅड्रेस रिझर्व्हेशन" किंवा "स्टॅटिक लीज" असा पर्याय असतो. तिथे संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळख क्रमांक) आणि हवा तो आयपी द्यायचा. मॅक पत्ता बघायला:

आयपी ए

यात "लिंक/इथर" च्या पुढचा, दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्यांचा आकडा म्हणजे मॅक. वायर आणि वायफाय यांचे मॅक वेगळे असतात. ज्याने टॉरंट चालवणार त्याचाच घ्या. शक्य असेल तर वायरच वापरा, रात्रभर सीड करायला वायफाय हे बेभरवशाचं काम. वायफायच वापरणार असाल तर नेटवर्कच्या सेटिंगमध्ये मॅक दर वेळी बदलण्याचा पर्याय चालू नाही ना, ते बघा. फेडोरा ४० पासून वायफायला खऱ्या मॅकऐवजी बनावट मॅक मिळतो. तो त्या एका नेटवर्कपुरता कायम राहतो, त्यामुळे अडचण येत नाही. फक्त लॅपटॉपखाली छापलेला मॅक न घेता "आयपी ए" मध्ये दिसणारा घ्यायचा.

क्लायंटमध्ये पोर्ट ठरवणं

ट्रान्समिशन या क्लायंटचं ठरलेलं पोर्ट ५१४१३ आहे. पुढची उदाहरणं त्याच आकड्याने देतो. क्यूबिटटॉरंट हा दुसरा क्लायंट पहिल्यांदा उघडताना स्वतःच एक आकडा निवडतो, तोही चालेल. स्वतः निवडायचा असेल तर ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही घ्या. ६८८१ ते ६८८९ हा टॉरंटचा जुना, सगळ्यांना ठाऊक असलेला पट्टा, तो टाळलेला बरा.

ट्रान्समिशनमध्ये "प्रेफरन्सेस" मध्ये "नेटवर्क" हा टॅब. क्यूबिटटॉरंटमध्ये "टूल्स", मग "ऑप्शन्स", मग "कनेक्शन". आकडा भरा आणि "दर वेळी नवं पोर्ट निवड" अशा अर्थाचा पर्याय दिसला तर त्याची खूण काढून टाका. ती राहिली तर राउटरमधला नियम दुसऱ्याच दिवशी निरुपयोगी होतो.

तिथेच "यूपीएनपी / नॅट-पीएमपी" नावाची एक खूण असते. ती आणि राउटरमधलं यूपीएनपी, दोन्ही चालू असतील तर क्लायंट स्वतःच राउटरला सांगून पोर्ट उघडून घेतो आणि तुमचं काम तिथेच संपतं. मग हाताने का करायचं? कारण राउटरचं यूपीएनपी विचारणाऱ्या प्रत्येकाचं ऐकतं: स्वस्तातला सीसीटीव्ही, जुना टीव्ही बॉक्स, कुणीही. मी ते बंद ठेवतो. तुमच्या घरात लॅपटॉप आणि दोन मोबाइल एवढंच असेल तर वापरा, काही बिघडत नाही.

ट्रान्समिशन खिडकीशिवाय, सर्व्हिस म्हणून चालवणाऱ्यांसाठी एक खोच: सेटिंगची फाइल बदलण्यापूर्वी सर्व्हिस थांबवा. चालू असताना बदललीत तर बंद होताना ती आपली जुनी सेटिंग परत लिहून टाकते.

लिनक्सची फायरवॉल

फायरवॉल म्हणजे बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारा पहारा. इथे कोणतं लिनक्स आहे त्यावर अवलंबून. उबंटू आणि मिंटमध्ये यूएफडब्ल्यू नावाची फायरवॉल असते, पण मुळात बंद. बघायला:

सुडो यूएफडब्ल्यू स्टेटस

"इनअॅक्टिव्ह" आलं तर इथे काही अडत नाही, पुढे जा. "अॅक्टिव्ह" आलं तर:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ ५१४१३

पुढे टीसीपी किंवा यूडीपी (डेटा पाठवायच्या दोन पद्धती) लिहिलं नाही की दोन्ही उघडतात, आणि आपल्याला दोन्ही हवेत. जुनी जोडणी टीसीपीवर चालते, नवी यूटीपी जोडणी आणि ट्रॅकरशिवाय (ट्रॅकर म्हणजे फाइल कुणाकुणाकडे आहे याची यादी ठेवणारा सर्व्हर) माणसं शोधणारं डीएचटी यूडीपीवर. स्टेटस पुन्हा बघितलं की दोन ओळी दिसतील, त्यातली एक आयपीव्ही६ साठीची.

फेडोरामध्ये फायरवॉलडी नावाची फायरवॉल चालू असते, पण वर्कस्टेशन आवृत्तीत १०२५ च्या वरची सगळी पोर्टं मुळातच उघडी ठेवलेली असतात. म्हणजे तिथेही बहुधा काहीच करावं लागत नाही. ओपनसूसेवर मात्र फायरवॉलडी कडक असते:

सुडो फायरवॉल-सीएमडी --परमनंट --अॅड-पोर्ट=५१४१३/टीसीपी
सुडो फायरवॉल-सीएमडी --परमनंट --अॅड-पोर्ट=५१४१३/यूडीपी
सुडो फायरवॉल-सीएमडी --रीलोड

डेबियनच्या साध्या स्थापनेत कुठलीच फायरवॉल नियम लावून बसलेली नसते.

राउटरमधला नियम

प्रत्येक कंपनीने या पानाला वेगळं नाव दिलंय: पोर्ट फॉरवर्डिंग, व्हर्च्युअल सर्व्हर, पोर्ट मॅपिंग. टीपी-लिंकच्या बऱ्याच राउटरमध्ये ते "नॅट फॉरवर्डिंग" खाली "व्हर्च्युअल सर्व्हर्स" म्हणून सापडतं. भरायच्या गोष्टी सगळीकडे त्याच.

बाहेरचं पोर्ट ५१४१३. आतलं पोर्टही ५१४१३. हे दोन वेगळे ठेवायच्या भानगडीत पडू नका, कारण क्लायंट ट्रॅकरला आतला आकडा कळवतो आणि लोक त्याच आकड्यावर येतात. आतला आयपी म्हणजे मघाशी पक्का केलेला. प्रोटोकॉल "बोथ" किंवा "टीसीपी/यूडीपी". तसा पर्याय नसेल तर दोन वेगळे नियम करा.

फायबरच्या डब्यांत आणखी एक रकाना असतो, तो नवख्यांना हमखास चकवतो: "वॅन कनेक्शन" किंवा "इंटरफेस". त्यात दोन-तीन नावं असतात. एक इंटरनेटचं, एक लँडलाइन फोनचं, कधी कंपनीच्या स्वतःच्या देखरेखीचं. ज्याच्या नावात "इंटरनेट" आहे तेच निवडायचं. चुकीचं निवडलं तरी डबा तक्रार करत नाही, नियम निमूट जतन करतो, आणि तो कधीच लागू होत नाही.

घरात दोन राउटर एकामागे एक असतील तर दोन मार्ग. एक, दोन्हींत नियम लिहिणं: कंपनीच्या डब्यातून तुमच्या राउटरकडे, तुमच्या राउटरमधून संगणकाकडे. दुसरा, कंपनीला सांगून डबा ब्रिज मोडवर टाकून घेणं, म्हणजे लॉगिन तुमचा राउटर करतो. दुसरा मार्ग जास्त स्वच्छ.

"डीएमझेड" हा पर्याय दिसेल आणि मोह होईल, कारण एका फटक्यात सगळी पोर्टं त्या संगणकाकडे वळतात. नको. तसंच ट्रान्समिशनचं ब्राउजरमधून चालवायचं पान ९०९१ वर असतं, क्यूबिटटॉरंटचं ८०८० वर. ही पोर्टं जगासाठी उघडू नका. टॉरंटला लागतं फक्त ते एक पोर्ट.

झालं का ते बघणं

क्लायंट चालू ठेवा. पोर्ट "उघडं" दिसायला पलीकडे कुणीतरी ऐकत बसलेलं असावं लागतं. क्लायंट बंद असताना तपासलं तर सगळं बरोबर असूनही उत्तर "बंद" असंच येणार. ट्रान्समिशनमध्ये त्याच नेटवर्क टॅबवर "टेस्ट पोर्ट" चं बटण आहे. क्यूबिटटॉरंटच्या खालच्या पट्टीत जोडणीचं चिन्ह असतं: हिरवं म्हणजे बाहेरून लोक येत आहेत, पिवळी ज्वाळा म्हणजे अजून कुणी आलेलं नाही. हे हिरवं व्हायला थोडा वेळ लागतो आणि एखादं टॉरंट चालू असावं लागतं.

माझा विश्वास मात्र पीअरच्या (तुमच्याशी जोडलेल्या इतर संगणकांच्या) यादीवर. डेबियनची आयएसओ सीडला लावा आणि पीअरच्या टॅबमध्ये "फ्लॅग्ज" हा रकाना बघा. ट्रान्समिशन असो वा क्यूबिटटॉरंट, तिथे इंग्रजी मोठा "आय" दिसला की तो माणूस स्वतःहून तुमच्याकडे आलाय. एक जरी दिसला तरी काम फत्ते.

नाहीच चालत? मग अडथळा संगणकात आहे की संगणकाबाहेर, एवढं आधी ठरवा. सगळी टॉरंटं पॉज करा, क्लायंट उघडाच ठेवा, आणि टर्मिनलमध्ये:

सुडो टीसीपीडम्प -एनआय एनी टीसीपी डीएसटी पोर्ट ५१४१३

आता पोर्ट तपासायचं बटण दाबा. टर्मिनलमध्ये ओळी उमटल्या तर पॅकेट तुमच्या संगणकापर्यंत पोचतंय, म्हणजे राउटर निर्दोष आहे आणि गडबड लिनक्सच्या फायरवॉलमध्ये किंवा क्लायंटमध्ये. टीसीपीडम्प फायरवॉलच्या आधीच पॅकेट बघतं, म्हणून ही चाचणी चालते. एकही ओळ उमटली नाही तर लिनक्सला दोष देणं थांबवा. नियमातला आतला आयपी, वॅनचा रकाना आणि पब्लिक आयपी या क्रमाने पुन्हा बघा. संगणकातच अडलं असेल तर:

सुडो एसएस -टीयूएलएनपी

या यादीत ५१४१३ च्या ओळीत तुमच्या क्लायंटचं नाव हवं. नसेल तर क्लायंट भलत्याच पोर्टवर बसलाय.

घरातल्याच वायफायवरून स्वतःच्या पब्लिक पत्त्यावर जाऊन तपासू नका. अनेक राउटर आतून बाहेर जाऊन परत आत येऊ देत नाहीत.

सीजीनॅट असेल तर

पहिलं, कंपनीला विचारा. स्थानिक ऑपरेटर कधी कधी नुसतं विचारल्यावर पब्लिक आयपी देतात, तो अधूनमधून बदलणारा असला तरी टॉरंटला चालतो. मोठ्या कंपन्या बहुधा स्टॅटिक आयपी विकत घ्यायला सांगतात. निव्वळ टॉरंटसाठी ते पैसे घालवावेत असं मला वाटत नाही. घरचा सर्व्हर, कॅमेरे असं आणखी काही असेल तर गोष्ट वेगळी.

दुसरं, आयपीव्ही६. "आयपी -६ ए" ही आज्ञा दिल्यावर २ ने सुरू होणारा लांब पत्ता दिसला तर तुमच्याकडे ते आहे (एफई८० ने सुरू होणारा धरू नका, तो घरापुरताच). आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक यंत्राला स्वतःचा खरा पत्ता असतो, त्यामुळे फॉरवर्डिंग लागतच नाही. लागते ती राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये त्या एका पोर्टपुरती परवानगी. काही डब्यांत अशी परवानगी देताच येत नाही, फक्त अख्खी फायरवॉल चालू किंवा बंद करता येते. तिथे बंद करू नका, घरातलं प्रत्येक यंत्र उघड्यावर येईल. आणि या वाटेने तुमच्यापर्यंत पोचतील ते आयपीव्ही६ असलेलेच लोक.

तिसरं, पोर्ट देणारा व्हीपीएन. व्हीपीएन लावल्यावर राउटरमधला नियम लागू होत नाही, कारण सगळी वाहतूक बोगद्यातून जाते. पोर्ट व्हीपीएन कंपनीनेच द्यावं लागतं आणि तोच आकडा क्लायंटमध्ये भरावा लागतो. सगळ्या कंपन्या ते देत नाहीत. मुलवाडने २०२३ मध्ये ही सोय काढून टाकली, प्रोटॉन आणि एअरव्हीपीएनमध्ये ती मिळते. वर्षाचे पैसे भरण्यापूर्वी हे एकदा विचारून घ्या.

पोर्ट उघडल्यावर

आता जास्त लोक येतील, आणि स्वस्तातले फायबर डबे शेकडो जोडण्यांनी गुदमरतात. लक्षण ठरलेलं: टॉरंट चालू असताना घरातल्या बाकीच्यांची पानं उघडेनाशी होतात, डबा रीस्टार्ट केला की तासभर बरं चालतं. क्यूबिटटॉरंटमध्ये एकूण जोडण्यांची मर्यादा ५०० असते, ती २०० वर आणून बघा. अपलोडलाही मर्यादा घाला, लाइनच्या अपलोड वेगाच्या तीन चतुर्थांश ठीक. "अनलिमिटेड" म्हणवणाऱ्या अनेक योजनांना महिन्याला ३३०० जीबीची अट असते आणि त्यात अपलोडही मोजलं जातं. मर्यादा न घालता महिनाभर रात्रंदिवस सीड केलं तर हा आकडा वाटतो तितका लांब नाही.